मुलगा म्हणतो "साखरसुद्धा ड्रगच": पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलगा वीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कर्वेनगरला तिघा मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहतो. तुम्ही सांगलीला. सहा-सात महिन्यांत तो बराच बारीक झालाय. दुपारी एकला उठतो, जेवण रात्री बाराच्या पुढे आणि तेही ॲपवरून मागवलेलं. मेसचे पैसे भरलेत पण तो तिथे फिरकत नाही. त्याची खोली आवरताना तुम्हाला एनर्जी ड्रिंकचे रिकामे कॅन आणि सिगारेट वळायच्या कागदाचं पाकीट सापडलं. विचारल्यावर तो म्हणाला, "आई, साखर पण ड्रगच आहे. तुझा चहा पण व्यसनच आहे. आजी मशेरी लावते ती तुम्हाला चालते. गांजा निदान नैसर्गिक तरी आहे." आता तुम्हाला कळत नाहीये की हे बाहेरच्या खाण्याचं दुखणं आहे की नशेचं, लघवीची तपासणी गुपचूप करून घ्यावी का, की सरळ सामान उचलून त्याला घरी आणावं.

मी याच भागात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. आजूबाजूला हॉस्टेलं, पीजी, मुलांचे फ्लॅट. या वयाची मुलं रोज समोर बसलेली असतात. ॲसिडिटी, डोकेदुखी, झोप लागत नाही, परीक्षेच्या आधी छातीत धडधडतं, अशा तक्रारी घेऊन येतात. खाणं की नशा, असं तुम्ही विचारताय. माझ्या अनुभवात ही दोन दुखणी सुटी क्वचित येतात. दोन्हींचं मूळ मुलाच्या दिवसाच्या घड्याळात असतं. म्हणून मी कागदाच्या पाकिटापासून सुरुवात करत नाही. दिवसाचा पहिला घास तो किती वाजता खातो, हा माझा पहिला प्रश्न असतो.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि हिच्यात उशीर करू नका. "बारीक झालाय" म्हणजे नेमका किती किलो? प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठ किलोच्या मुलाचं तीन किलोंपेक्षा जास्त गेलं, तर डॉक्टरने कारण शोधायलाच हवं. आपल्याकडे या वयात पहिला विचार टीबीचा करायचा. मग रक्तातली साखर, थायरॉइड, एचआयव्ही, हिमोग्लोबिन, बी-१२. बारीक मुलाला कसला मधुमेह, असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी एकच, २२.३. चरबी मात्र सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. मधुमेहाचा धोका या चरबीने वाढतो, म्हणून आपल्या माणसांच्या बारीक दिसण्यावर विसंबता येत नाही. या तपासण्या नशेचं काय ते कळायची वाट न बघता आधी करून घ्या. कागदाचं पाकीट सापडलं म्हणून वजनाचं कारणही तेच, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

आता घड्याळ. अशा फ्लॅटमधला दिवस मी इतक्या मुलांकडून ऐकलाय की तुमच्या मुलाचाही फारसा वेगळा नसावा. उठायला एक वाजतो. मेस दुपारी बारा ते दोनच्या आसपास चालू असते, पण आंघोळ होईपर्यंत ती बंद होते. चार वाजता टपरीवर चहा आणि वडापाव किंवा क्रीमरोल, तोच दिवसाचा पहिला घास. संध्याकाळी भूक असते पण मित्र कट्ट्यावर असतात. रात्री अकराला सबमिशन किंवा गेमिंग सुरू होतं, मग एनर्जी ड्रिंक. अडीचशे मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण पंच्याहत्तर मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि शरीरातलं निम्मं कॅफीन संपायला सुमारे पाच तास लागतात. अकराला घेतलेल्या कॅनचा अर्धा भाग पहाटे चारलाही रक्तात फिरत असतो. बारा-साडेबाराला बिर्याणी नाहीतर बर्गर येतो. पोट भरतं, पण डोळा लागत नाही. आणि इथे कोणीतरी म्हणतं, दोन कश मार, झोप लागेल. लागतेही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजतो.

या साखळीत कुठलीही एक कडी उचलून तिला गुन्हेगार ठरवता येत नाही. गांजा काढून घेतला आणि बाकी दिवस तसाच ठेवला, तर पहाटे चारला टक्क जागा असलेला मुलगा दोन-तीन दिवसांत परत तिथेच जातो. उलट, जेवणावरून कितीही व्याख्यान दिलं तरी एक वाजता उठणाऱ्या मुलाला नाश्ता मिळणार कसा? आणि रविवार विसरू नका. बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाचं जेवण देऊन संध्याकाळी बंद असतात. आठवड्यातली ही एक रात्र हमखास बाहेरच्या खाण्याची आणि पार्टीची होते. मुलांना "पहिल्यांदा कधी घेतलीस?" असं विचारलं की रविवारची रात्र वारंवार ऐकू येते.

तुमच्या मुलाच्या युक्तिवादाकडे वळते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. तुम्ही उडवून लावलात तर तो तुमच्याशी पुढे बोलणार नाही.

साखर ड्रग आहे, हे तो कुठल्यातरी रीलवरून बोलतोय आणि त्यामागे खरा अभ्यास आहे. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवेना यांनी उंदरांवर प्रयोग केले. साखरेचं पाणी मिळालेले उंदीर त्यावर तुटून पडू लागले, ते काढून घेतल्यावर त्यांना थरथर आणि अस्वस्थता जाणवू लागली. नशेच्या पदार्थांत दिसतात तशाच या खुणा. रीलमध्ये जे सांगत नाहीत ते असं: या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखर दिली जात होती. ज्यांना साखर आणि खाणं दिवसभर उपलब्ध होतं, त्यांच्यात या खुणा दिसल्या नाहीत. उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये हे मान्य. तरी दिवसभर उपाशी राहून मध्यरात्री तुटून पडणं हे तुमच्या मुलाच्या दिवसाचं वर्णन आहे, हे मला दुर्लक्षित करता येत नाही. खाण्याचं व्यसनात रूपांतर करण्यात पदार्थाइतकाच उपासमारीचा हात असावा.

बाहेरच्या खाण्याबद्दलही एक ठोस गोष्ट माहीत आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस माणसांना संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ, चोथा दोन्हीकडे जवळपास सारखा, आणि हवं तितकं खायची मुभा. पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती आणि भराभर खात होती. म्हणजे या अन्नात माणसाला थांबू न देण्याचा गुण आहे. तिथपर्यंत तुमचा मुलगा बरोबर आहे. पण बर्गर जास्त खाल्ल्यावर परीक्षेला बसता येतं. त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही, पोलिसांना घाबरावं लागत नाही, आणि वीस वर्षांच्या घडत असलेल्या मेंदूवर त्याचा तसा परिणाम होत नाही. एखाद्या पदार्थामुळे झोप, अभ्यास, पैसे, जुने मित्र यातलं काय काय मागे पडलं, यावर मी तो जोखते. मुलालाही हाच प्रश्न विचारा. उत्तर त्याच्यावर सोडा.

तुमच्या चहाचं काय? कपात साधारण तीस ते पासष्ट मिलिग्रॅम कॅफीन असतं, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिलंय आणि दिवसाची मर्यादा तीनशे मिलिग्रॅम सांगितली आहे. चहाची सवय लागते, सुटली की डोकं दुखतं, हे त्याच्यासमोर मोकळेपणाने कबूल करा. मशेरीबद्दल मात्र मी त्याच्या बाजूची आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यात निकोटीन आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे. घरात आजीच्या हिरड्यांवरची मशेरी, बाबांची जेवणानंतरची सुपारी आणि गटारीला काकांचा ग्लास हे सगळं परंपरेच्या नावाखाली चालतं, तेव्हा मुलगा तो हिशोब बघत मोठा होतो. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. आजींना या वयात ओरडू नका. पण "तिचंही चुकतंच, आपण दोघं मिळून तिची कमी करू" असं मुलाला म्हणता आलं तर त्याचा युक्तिवाद वादाचा राहत नाही.

नैसर्गिक हा शब्द मात्र कुचकामी आहे. धोतराही नैसर्गिकच आहे आणि त्याच्या बिया खाऊन माणसं आयसीयूत येतात. आपल्या अनारशावरची खसखस अफूच्याच बोंडातली असते, ती खाऊन कोणी झिंगत नाही. त्याच बोंडाचा चीक मात्र माणसाला घेऊन बुडतो. झाडाचा कुठला भाग, किती, किती वेळा आणि कोणाच्या शरीरात, यावर सगळं ठरतं. गांजा ओढून पाहिलेल्या सगळ्यांना त्याची गुलामी जडत नाही. ढोबळमानाने दहातल्या एकाला जडते, असं या क्षेत्रात मानलं जातं. लहान वयात आणि रोज घेणाऱ्यांत हे प्रमाण वाढतं. तुमच्या किंवा यजमानांच्या घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असेल तर मात्र थोडाही गांजा मी सुरक्षित म्हणणार नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलाच्या डॉक्टरला नक्की सांगा.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सर्वात महत्त्वाचं वाटलं, आणि तुम्ही ते ओघात लिहून गेलात. सुट्टीला सांगलीला आला की पहिले चार-पाच दिवस तो ताटाला हात लावत नाही, डोकं दुखतं म्हणतो, चिडचिड करतो, रात्री घामाने भिजतो, आणि नंतर हळूहळू माणसात येतो. "माझ्या हातचं आवडेनासं झालं" असा अर्थ तुम्ही लावलात. मला दुसरा अर्थ दिसतो. कॅफीन एकदम बंद झालं की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरू लागते. रोजचा गांजा बंद झाला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोपमोड, विचित्र स्वप्नं, घाम आणि अन्नावरची वासना उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते शिगेला पोहोचतं आणि दोनेक आठवड्यांत मावळतं. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. खात्रीने निदान मी इथून करणार नाही. रात्रीचा घाम टीबीतही येतो, म्हणून तर ती तपासणी आधी म्हटली. पण तुमच्या स्वयंपाकाचा यात काही दोष आहे, हे मनातून काढून टाका.

गांजा भूक वाढवतो, मग मुलगा बारीक कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या भूक आणि मूड दोन्ही सांभाळतात. त्या जागा अडवणारं रिमोनाबँट नावाचं वजन कमी करायचं औषध युरोपात २००६ मध्ये आलं होतं. भूक कमी व्हायची, पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढू लागले म्हणून २००८ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. म्हणून गांजा ओढणारा मुलगा रात्री गोड, तळलेलं खूप खातो आणि नशा उतरल्यावर जेवण नकोसं होतं. काही जणांना खूप दिवसांच्या वापरानंतर वारंवार उलट्या होतात आणि गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अशी मुलं महिनोन् महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात फिरत असतात आणि गांजाचं कोणी विचारतच नाही.

खरी भीती मला दुसऱ्या गोष्टीची वाटते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ही पांढरी पूड भूक मारते. २०१५ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी आपल्या भागात ती किती जवळ आली हे फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यावर पोलिसांचा छापा पडला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. एक-दोन दिवस अन्नाला शिवायचं नाही, झोपायचं नाही, सारखं बोलायचं, जबडा आवळायचा, बुबुळं मोठी दिसायची, आणि मग चौदा-पंधरा तास मेल्यासारखं झोपून उठल्यावर अधाशासारखं खायचं, असा पॅटर्न दिसला, नाकातून रक्त येत असेल, पैसे अचानक फार लागू लागले असतील किंवा कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं तो बोलू लागला, तर खाली सांगितलेला सबुरीचा मार्ग सोडून द्या आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तुमच्या पत्रात हे काही नाही. रोज दुपारी एकला उठणं आणि मध्यरात्री जेवणं गांजा-कॅफीनच्या साखळीकडेच बोट दाखवतं.

गुपचूप तपासणी करू नका. अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा तीन-चार दिवस दिसतो, रोजच्यात महिनाभरही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्हाला आधीच माहीत असलेलंच कळेल. निगेटिव्ह आला तर खोटा दिलासा मिळेल. आणि मुलाला कळलं की मोकळ्या बोलण्याची दारं बंद. पुढे उपचार सुरू झाल्यावर त्याच्या संमतीने केलेल्या तपासणीचा उपयोग होतो. कायद्याची भीतीही मापात ठेवा. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्यात अल्प प्रमाण धरतात, पण तो बाळगणं गुन्हाच आहे आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, हे मुलाला स्पष्ट माहीत हवं. त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला संरक्षण मिळतं. म्हणून डॉक्टरकडे गेलो तर पोलीस येतील, ही भीती बाळगू नका. आणि "गाडी पाठवून मुलाला उचलून नेतो" असं सांगणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. वीस वर्षांचा मुलगा सज्ञान आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला संमतीचा आणि गुप्ततेचा हक्क दिलाय. केंद्र नोंदणीकृत आहे का, तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, हे विचारल्याशिवाय कुठेही ठेवू नका.

मग करायचं काय? मी अशा मुलांना पहिले तीन आठवडे गांजा सोड असं म्हणतच नाही. उठल्यापासून तासाभरात काहीतरी खा, एवढंच मागते. विजेच्या किटलीत उकडलेली दोन अंडी, नाहीतर शेंगदाण्याचा लाडू आणि केळं, नाहीतर दडपे पोहे. जे खोलीत चूल न पेटवता जमेल ते. दुसरं, संध्याकाळी पाचनंतर एनर्जी ड्रिंक नाही. तिसरं, मेस बंद करून डबा लावा. मेसच्या वेळा त्याला पाळाव्या लागतात, डबा दारात येऊन थांबतो आणि उशिरा उठला तरी पोळी-भाजी, आमटी समोर असते. कर्वेनगर-कोथरूडला पोळी-भाजी केंद्रं चिकार आहेत, रविवार संध्याकाळची सोय तिथून करा. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक सोडणाऱ्याला चार गोष्टी सांभाळायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. भूक त्या यादीत पहिली आहे, आणि चारांपैकी तिच्यावर बाहेरून उपाय करणं सर्वात सोपं आहे. दिवस थोडा मागे सरकला, दहाला उठायला लागला, की मुलं पुष्कळदा स्वतःच सांगतात की गांजा किती घेतो आणि तो सोडताना काय होतं. मग समुपदेशक, गरज पडली तर औषध.

फोनवर "जेवलास का?" विचारू नका. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. "आज पहिलं काय खाल्लंस आणि किती वाजता?" असं विचारा, आणि उत्तर चार वाजता वडापाव आलं तरी ओरडू नका, नुसतं ऐकून घ्या.

घरी आणायचं का, हे परिस्थितीवर आहे. वर्ष मागे पडत असेल, विषय राहत असतील, मित्रांपैकी कोणी विकत असेल, किंवा मुलगा स्वतः "इथे राहून सुटणार नाही" म्हणत असेल, तर एक सेमिस्टर गेलं तरी चालेल, आणा. तो अभ्यास करतोय, फोन उचलतोय, तुमच्याशी वाद घालतोय, तर मी इतक्यात आणणार नाही. वाद घालणारा मुलगा अजून तुमच्याशी जोडलेला आहे. मधला मार्ग म्हणून फ्लॅट बदलता येतो. जिथे घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते आणि डबा देते अशा खोल्या अजूनही मिळतात.

तीन आठवड्यांत घड्याळ जराही हललं नाही, किंवा त्याने स्वतःच मदत मागितली, तर येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं, आणि पालकांशी बोलायची तिथे चांगली व्यवस्था आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्हीकडे मुलाला न सांगता तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. आधी मात्र वजन आणि रक्ताचे रिपोर्ट. ते आले की इथेच लिहा, पुढचं त्यावरून बघू.